करंजाच्या बीपासून एनएमआरपर्यंत: औषधी वनस्पतीतला पहिला घटक वेगळा करताना

एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या किंवा एम.फार्म.च्या प्रोजेक्टला ‘औषधी वनस्पतीतून नैसर्गिक घटक वेगळा करून ओळखणे’ असा विषय मिळाला, की बहुतेक जण आधी सॉक्सलेट (गरम द्रावक फिरवून अर्क काढायचे काचेचे उपकरण) कुणाकडे मोकळा आहे ते शोधतात. सॉक्सलेट मिळतो. अडचणी येतात त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. पिशवीतून आणलेली साल नक्की कशाची होती? कॉलममधून, म्हणजे सिलिका भरलेल्या काचेच्या नळीतून, निघालेला पदार्थ वनस्पतीतला की प्लॅस्टिकच्या बाटलीतला? आणि हातातला स्पेक्ट्रम (यंत्राने काढलेला आलेख) कॉलममधून टप्प्याटप्प्याने गोळा केलेल्या कुठल्या भागाचा, म्हणजे फ्रॅक्शनचा? नाशिकमध्ये राहून, साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे काम पुरे होऊ शकते. मी ते तसेच केले आहे. फक्त एक पथ्य पाळा. पदार्थाला नाव सगळ्यात शेवटी द्या. तोवर तो तुमच्या वहीत ‘के-१’, ‘के-२’ एवढाच असू द्या.

खाली उदाहरण म्हणून करंज घेतला आहे. बाकी वनस्पतींना पायऱ्या त्याच, द्रावक वेगळे.

१. ज्याचे उत्तर माहीत आहे अशी वनस्पती घ्या

पहिल्याच खेपेला ‘आजवर कुणी न तपासलेली’ वनस्पती घेण्याचा मोह होतो. गाइडलाही होतो. मोडून काढा. नवा घटक ओळखायचा तर आधी जुना घटक ओळखून हात बसावा लागतो. पहिला घटक असा हवा, जो भरपूर मिळतो, सहज स्फटिक धरतो आणि ज्याचे आकडे छापील साहित्यात सापडतात.

करंज या तिन्ही कसोट्यांना उतरतो. झाड रस्त्याच्या कडेला सापडते, उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा वाळतात, आणि बियांच्या तेलात करंजिन नावाचा फ्युरॅनोफ्लेव्होन (फ्युरॅन कडे जोडलेला फ्लेव्होन, वनस्पतीत सापडणारा एक रेणुप्रकार) असतो. करंजिनच्या रचनेवरचे महत्त्वाचे काम आपल्याकडेच झाले आहे: पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. बी. लिमये यांनी १९३० च्या दशकात ते केले आणि स्वतः चालवलेल्या ‘रसायनम्’ या नियतकालिकात छापले. तेव्हा एनएमआर (रेणूतले हायड्रोजन-कार्बन कसे जोडलेत ते दाखवणारी तपासणी) नव्हता. रेणू तोडायचा, तुकडे ओळखायचे, ते पुन्हा जोडून पाहायचे, असा सगळा मामला. शिवाय नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला करंज तेल कीडनियंत्रणासाठी ओळखीचे आहे, त्यामुळे व्हायव्हात ‘याचा उपयोग काय’ असे विचारले तर बोलायला काहीतरी असते.

साहित्य शोधताना एका नावावर थांबू नका. पोंगामिया पिन्नाटा, पोंगामिया ग्लॅब्रा, मिलेशिया पिन्नाटा, डेरिस इंडिका ही सगळी नावे करंजाचीच. जुने पेपर जुन्या नावाखाली दडलेले असतात. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने तयार केलेला ‘इम्पॅट’ हा भारतीय औषधी वनस्पतींच्या घटकांचा डेटाबेस फुकट पाहता येतो. सुरुवात तिथून करा.

२. ओळख पटवा आणि तिचा पुरावा ठेवा

काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली पुडी ही ओळख नव्हे. कुड्याची साल हे नेहमीचे उदाहरण. औषधात हवा तो पांढरा कुडा, होलॅऱ्हेना; त्यात कोनेसिन हे अल्कलॉइड (नायट्रोजन असलेला, अल्कलीसारखा वागणारा घटक) असते. बाजारात त्याच नावाने काळ्या कुड्याची, म्हणजे राइटियाची साल गळ्यात पडू शकते. मग विद्यार्थी महिनोन्महिने कोनेसिन शोधत बसतो, आणि ते त्या सालीत नसतेच. करंजाचेही तसेच: ‘लताकरंज’ म्हणून जो मिळतो तो सागरगोटा, वेगळ्याच वंशाचा.

म्हणून स्वतः झाडावरून तोडा, फूल किंवा शेंग असलेली फांदी घ्या आणि हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर चिकटवलेला, लेबल लावलेला नमुना) करा. जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवा, पहिले काही दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात हे चुकवले तर पानांवर बुरशी ठरलेली. लेबलवर गाव, तालुका, तारीख, झाडाची उंची, फुलाचा रंग लिहा, कारण वाळल्यावर रंग उरत नाही. शीट आधी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. प्रमाणपत्र हवे असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थाही आहे. मिळालेला व्हाउचर क्रमांक, म्हणजे या शीटचा नोंदणी क्रमांक, वहीच्या पहिल्या पानावर लिहा. प्रबंधात आणि पेपरमध्ये तो मागतातच.

३. परवानग्या आणि कागदपत्रे

रस्त्याकडेच्या करंजाच्या पडलेल्या शेंगा वेचायला कुणी अडवत नाही. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या जंगलातून काही आणायचे तर वनविभागाचे लेखी पत्र हवे. पेठ-सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभेचा गौण वनोपजावर हक्क आहे. आधी गावात बोला. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाला त्या डोंगराचेच नाव आहे. तिथे कंद-मुळे उपटण्याचा विचारही करू नका.

जैवविविधता कायदा, २००२ अभ्यासापुरते काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याच्या आड सहसा येत नाही. पण नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल, परदेशी भागीदार असेल किंवा पेटंटचा विचार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. ही चौकशी पेटंट अर्ज लिहिताना नव्हे, वनस्पती तोडण्याआधी करायची असते.

एका फाइलमध्ये हे कागद ठेवा:

- गाइडच्या सहीचे आणि विभागाच्या शिक्क्याचे पत्र, चार-पाच प्रती
- वनस्पती ओळखीचे प्रमाणपत्र
- लागू असल्यास वनविभागाची परवानगी
- द्रावक खरेदीची बिले, बॅच क्रमांकासह
- उपकरण केंद्रांचे भरलेले अर्ज आणि पैसे भरल्याच्या पावत्या

द्रावकांच्या बाबतीत एक सावधगिरी. इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, मिथेनॉल विषकायद्याखाली येतो, आणि स्टेरॉलच्या लिबरमन-बुर्शार्ड चाचणीतले ॲसेटिक ॲनहायड्राइड अमली पदार्थ कायद्याखालचे नियंत्रित रसायन आहे. सातपूर-अंबडला विक्रेते आहेत म्हणून स्वतःच्या नावाने आणायला जाऊ नका. कॉलेजच्या परवान्यावर, कॉलेजच्या नावाने मागवा.

४. सामान

सॉक्सलेट, हीटिंग मँटल, सेपरेटिंग फनेल, रोटाव्हॅप (कमी दाबाखाली द्रावक उडवायचे यंत्र), काचेचा कॉलम, १००–२०० मेश सिलिका, एफ-२५४ टीएलसी प्लेट (सिलिकेचा पातळ थर दिलेली पट्टी, तिच्यावर मिश्रणातले घटक वेगळे होतात), २५४ आणि ३६६ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा, वितळणबिंदू यंत्र, भरपूर काचेच्या वायल्स (छोट्या बाटल्या). काचेच्या, प्लॅस्टिकच्या नकोत. कारण पुढे येईल. द्रावकांमध्ये पेट्रोलियम इथर ६०–८०, हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, मिथेनॉल.

यादीत नसलेली वस्तू म्हणजे कूलरचा छोटा पंप आणि बादली. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापलेले असते, की कंडेन्सर नावालाच उरतो आणि पेट्रोलियम इथर खोलीभर पसरतो. बादलीत बर्फाचे पाणी, त्यात पंप, तेच पाणी फिरते ठेवायचे. खोलीत कुठेही उघडी ज्योत नको.

५. वाळवणे आणि कुटणे

सावलीत, हवेशीर, पातळ थरात. ओव्हन वापरलाच तर ४० अंशांच्या आत. बियांचे कवच काढा, आतला गर भरड कुटा. मैद्यासारखे पीठ केले तर थिंबलमध्ये (सॉक्सलेटमधल्या कागदी नळकांड्यात) दगड होतो आणि द्रावक आत शिरत नाही. कुटलेल्या मालाचे वजन लिहा. पुढची सगळी टक्केवारी या आकड्यावर उभी राहते.

६. अर्क काढणे

गर सॉक्सलेटमध्ये पेट्रोलियम इथरवर चालवा. द्रावक उडवला की पिवळसर तपकिरी, उग्र वासाचे तेल उरते. गराच्या वजनाच्या शेकडा तीसच्या आसपास धरा. त्यात करंजिन टक्का-दोन टक्केच. तेल सेपरेटिंग फनेलमध्ये घेऊन मिथेनॉलने तीनदा हलवा. तेलाचा मोठा भाग तसाच राहतो. करंजिन आणि त्याचे सोबती मिथेनॉलमध्ये येतात. मिथेनॉलचे थर एकत्र करून ४०–४५ अंशांवर रोटाव्हॅपवर आटवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बऱ्याचदा सकाळी तळाशी पिवळट घन पदार्थ बसलेला असतो.

इथला मोठा सापळा म्हणजे आयते तेल. कृषी सेवा केंद्रात फवारणीसाठी जे करंज तेल मिळते, त्यात ते पाण्यात मिसळावे म्हणून इमल्सिफायर घातलेला असू शकतो. असे तेल मिथेनॉलबरोबर हलवले की फनेलमध्ये दुधाळ घुसळण होते आणि थर सुटायचे नाव घेत नाहीत. शिवाय कधी त्यात कडुनिंबाचे तेलही असते. तेल विकतच घ्यायचे तर ओळखीच्या घाण्यावरून, डोळ्यांसमोर काढलेले घ्या.

दुसऱ्या वनस्पतींसाठी सहसा हेक्झेन, मग इथाइल ॲसिटेट, मग मिथेनॉल अशी चढती ध्रुवता ठेवतात. द्रावक निर्जीव नसतो हे मात्र ध्यानात घ्या. गरम मिथेनॉलमध्ये आम्लांचे मिथाइल एस्टर तयार होऊ शकतात, ॲसिटोन शेजारच्या दोन हायड्रॉक्सिलना जोडून ॲसिटोनाइड करू शकतो. मग तुम्ही ‘वेगळा केलेला’ घटक झाडात नव्हताच, तुमच्या फ्लास्कमध्ये जन्मला.

७. टीएलसी: इथे वेळ घालवा

कॉलमची घाई सगळ्यांना असते, टीएलसीचा कंटाळाही सगळ्यांना. प्रत्यक्षात कॉलमवर काय होणार ते टीएलसीच सांगते. हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटची वेगवेगळी प्रमाणे करून पाहा. तुमचा स्पॉट ०.२ ते ०.३ आरएफवर (द्रावकाच्या तुलनेत स्पॉट किती वर चढला त्याचे गुणोत्तर) येईल ते मिश्रण कॉलमसाठी योग्य. रेघ पेन्सिलीने मारा. पेनची शाई द्रावकाबरोबर पळते.

प्लेट आधी २५४ वर, मग ३६६ वर पाहा, दिसलेले स्पॉट पेन्सिलीने घेरा आणि मगच रंग आणणाऱ्या रसायनाचा फवारा मारा. करंज अर्कात करंजिनच्या जरा वर पोंगामॉल हे करंजातलेच दुसरे संयुग दिसते. दोघांना वेगळे सांगायची सोपी युक्ती फेरिक क्लोराइड: पोंगामॉल डायकीटोन आहे, त्याच्या हायड्रॉक्सिलवाल्या इनॉल रूपामुळे रंग येतो. करंजिनमध्ये मोकळा हायड्रॉक्सिल नाही, म्हणून रंग येत नाही. अल्कलॉइडसाठी ड्रॅगेनडॉर्फचा नारिंगी रंग बघतात, पण तो अल्कलॉइड नसलेल्या काही पदार्थांनाही येतो. त्या एका रंगावर निष्कर्ष काढू नका.

आणि हो, ‘अल्कलॉइड अधिक, टॅनिन अधिक, सॅपोनिन उणे’ असे तक्ते करून प्रबंधाची पाने भरतात, त्यातून घटकांच्या ओळखीबद्दल फारसे काही कळत नाही. अर्ध्या पानात उरका.

८. कॉलम लावणे

एक ग्रॅम अर्काला ३० ते ५० ग्रॅम सिलिका. सिलिका हेक्झेनमध्ये कालवून एका दमात ओता, कॉलमला रबरी नळीने हलके ठोकत राहा म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. अर्क थेट ओतू नका: थोड्या द्रावकात विरघळवून चिमूटभर सिलिकेवर सुकवा आणि तो कोरडा भुगा वर समतल पसरा. त्यावर कापूस किंवा स्वच्छ वाळू.

सुरुवात निव्वळ हेक्झेनने करा, मग इथाइल ॲसिटेट ५, १०, १५, २० टक्के असे वाढवा. एकदम उडी मारली की द्रावक मिसळतानाच्या उष्णतेने सिलिकेत भेगा पडू शकतात आणि सगळे पट्टे एकमेकांत मिसळतात. २०–२५ मिलीची फ्रॅक्शन्स घ्या, प्रत्येक वायलवर क्रमांक टाका, दर दोन-तीन फ्रॅक्शननंतर टीएलसी पाहा. सारखी दिसणारी एकत्र करायची, पण मधली, दोन स्पॉटवाली फ्रॅक्शन्स वेगळी ठेवायची. वजन वाढवायच्या लोभाने ती शुद्धात मिसळली की पुन्हा कॉलम.

कॉलम कोरडा पडू द्यायचा नाही आणि शक्यतो अर्ध्यावर सोडून घरी जायचे नाही. सकाळी आठला लावलेला कॉलम दुपारच्या उन्हाच्या आत निम्मा होतो. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात दुपारी हेक्झेन कॉलममध्येच बुडबुडे धरतो.

९. स्फटिक

करंजिनवाली फ्रॅक्शन्स आटवली की पिवळसर घन उरतो. तो कमीत कमी गरम मिथेनॉलमध्ये विरघळवा, गरम असतानाच गाळा आणि हळूहळू थंड होऊ द्या. घाईने फ्रीजमध्ये ढकलला तर पीठ पडते आणि मळ त्यात अडकतो. स्फटिक येईनात तर काचेच्या कांडीने आतून खरवडा. दोन-तीन फेऱ्यांनंतर पांढऱ्या सुया दिसतात. वितळणबिंदू १५८ अंशांच्या आसपास, दोन अंशांच्या आत हवा. आठ-दहा अंश पसरला तर पदार्थ मिश्र आहे, दिसायला कितीही सुंदर असो.

शुद्ध म्हणायचे तर तीन वेगवेगळ्या द्रावक मिश्रणांत एकच स्पॉट पाहिजे. एकाच मिश्रणातला एक स्पॉट पुरेसा नाही. एचपीएलसी (जास्त दाबाने, यंत्रावर चालणारा बारीक कॉलम) मिळत असेल तर तेही करा.

१०. नमुना पाठवणे

नाशिकमधल्या कॉलेजांत यूव्ही आणि आयआर मिळण्याची शक्यता बरी असते. एनएमआर आणि उच्च विभेदनाच्या, रेणुभार दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रमसाठी पुणे किंवा मुंबई: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मध्यवर्ती उपकरण सुविधा, पवईच्या आयआयटीतली ‘सैफ’ ही उपकरण सुविधा. ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय पोर्टलवर कुठले उपकरण कुठे आहे ते शोधता येते.

प्रोटॉन एनएमआरला ५–१० मिलिग्रॅम, कार्बनला २० च्या आसपास द्या. नमुना व्हॅक्यूमखाली नीट वाळवा, नाहीतर इथाइल ॲसिटेटचे पीक (स्पेक्ट्रममधली उंच टोके) तुमच्या पदार्थापेक्षा उंच येतील. अर्जावर विद्राव्यता लिहा. ‘माहीत नाही’ लिहिले तर नमुना परत येऊ शकतो. सगळा माल पाठवू नका, थोडा घरी ठेवा. परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत रांग लांब असते, म्हणून डिसेंबरच्या आत पाठवलेला बरा.

११. स्पेक्ट्रम वाचणे

आधी द्रावकाची पीक ओळखून बाजूला ठेवा (एनएमआरचे आकडे पीपीएममध्ये): ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये ७.२६, डीएमएसओमध्ये २.५०, त्यातले पाणी ३.३ च्या जवळ. मग प्रोटॉन मोजा. करंजिनमध्ये १२ यायला हवेत. ३.९ च्या आसपास तीन प्रोटॉनचे एकेरी पीक म्हणजे मेथॉक्सी. साधारण २ हर्ट्झने दुभंगलेली दोन पीक ७.२ आणि ७.७ च्या आसपास, ती फ्युरॅन कड्याची. शेजारी असलेल्या दोन प्रोटॉनची जोडी साडेआठ-नऊ हर्ट्झने दुभंगलेली. उरलेले पाच फेनिलचे, त्यांतले दोन ८.१ जवळ.

कार्बनमध्ये नवखे अडतात. रेणूत कार्बन १८ आणि पीक १६ च का? फेनिल कड्यातले दोन-दोन कार्बन सारखे आहेत म्हणून. मेथॉक्सीचा कार्बन ६० च्या आसपास येतो. साध्या ॲरोमॅटिक मेथॉक्सीचा ५५–५६ ला. दोन्ही बाजूंनी दाटी असलेल्या मेथॉक्सीचे हे लक्षण, आणि फ्लेव्होनच्या तिसऱ्या जागेशी ते जुळते. मास स्पेक्ट्रममध्ये प्रोटॉन चिकटलेला रेणू २९३ ला दिसावा. २९५ ला उंच पीक असेल तर पोंगामॉल शिल्लक आहे, त्याचा रेणुभार २९४. एनएमआरमध्ये १६–१७ च्या दरम्यान छोटेसे पीक दिसले तरी तोच, त्याचा इनॉल प्रोटॉन. म्हणून स्पेक्ट्रम छापताना मापपट्टी १० वर कापू नका, १८ पर्यंत मागा.

हे सगळे छापील आकड्यांशी, त्याच द्रावकातल्या, जुळले की मग ‘के-१’ खोडून करंजिन लिहा.

आता खोटे सोबती. मास स्पेक्ट्रममध्ये ३९१ आणि १४९ दिसले, एनएमआरमध्ये ७.७, ७.५ आणि ४.२ जवळ पीक आले, तर आनंद आवरा. हे थॅलेट, प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ते. प्लॅस्टिकच्या वॉशबॉटलमधून, नळीतून, स्वस्त द्रावकाच्या कॅनमधून ते येते, आणि ‘वनस्पतीतून वेगळे केलेले’ म्हणून छापूनही आले आहे. ०.८८ आणि १.२६ ची जोडी म्हणजे बहुधा ग्रीस. खात्रीसाठी तेवढाच द्रावक वनस्पतीशिवाय आटवून त्याची टीएलसी करा; यासारखी स्वस्त तपासणी नाही.

बीटा-सिटोस्टेरॉल मात्र वनस्पतीचेच असते. हेक्झेन अर्कातून १३६–१४० अंशांना वितळणारा पांढरा पदार्थ मिळाला, तर बहुधा तोच. ५.३५ च्या पीकशिवाय ५.०२ आणि ५.१५ लाही पीक असतील तर सोबत स्टिग्मास्टेरॉल आहे, आणि साध्या सिलिकेवर ती जोडी सहसा फुटत नाही. मिश्रण म्हणूनच लिहा.

जीसी-एमएसच्या (वायुरूपात घटक वेगळे करून त्यांचे मास स्पेक्ट्रम काढणाऱ्या यंत्राच्या) लायब्ररीने काढून दिलेली चाळीस-पन्नास नावांची यादी ही ओळख नाही, अंदाज आहे. त्या यंत्राला उडून जाणारेच पदार्थ दिसतात. ग्लायकोसाइड, मोठी टॅनिन्स त्याला दिसतच नाहीत. यादी जोडायची तर ‘संभाव्य’ असे लिहून जोडा.

१२. दुसरी वनस्पती: अडुळसा

करंज जमला की अल्कलॉइडकडे वळा. अडुळसा कुंपणालाच असतो. वाळलेल्या पानांचा अर्क सौम्य आम्लात घ्या, क्लोरोफॉर्मने मळ काढा, पाण्याचा थर अमोनियाने पीएच ९ च्या पुढे न्या आणि पुन्हा क्लोरोफॉर्मने ओढा. अडुळशाचे अल्कलॉइड, व्हॅसिसिन, त्यात येते. पण हे करंजिनसारखे शांत बसत नाही. उजेडात, हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन बनते. फ्लास्कला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, रोटाव्हॅप कमी तापमानावर ठेवा, वायलमध्ये नायट्रोजन सोडा, आणि एनएमआरची तारीख हातात आल्यावरच कॉलम लावा. पाठवायच्या दिवशी पुन्हा एक टीएलसी करा. व्हॅसिसिनचा रेणुभार १८८, व्हॅसिसिनोनचा २०२. २०३ चे पीक मोठे दिसले तर आधी वायल किती दिवस उघडी होती ते वहीत बघा.